मंडळाची मेल आल्याशिवाय

आमच्या रूपाचं लग्न दोनदा मोडून तिसऱ्यांदा एकदाचं लागलं, ते वर्ष २०२४. डिसेंबर महिना, चोपड्याचं मंगल कार्यालय. रूपा माझी नात. तिच्या लग्नाची आठवण लोक जेवणावरून काढतात. आमच्या घरात ती कावळ्यावरून निघते.

पंगत उठली होती. माझे मेहुणे धनसिंग पाटील कार्यालयामागच्या नळावर हात धूत होते. डोक्याला गुलाबी फेटा. कार्यालयाच्या भिंतीवर उष्ट्या पत्रावळींसाठी टपलेले कावळे होतेच, त्यातला एक उडाला आणि नेमका फेट्यावर येऊन बसला. चांगला ऐसपैस बसला. फेट्याचा तुरा त्याला आवडला असावा. धनसिंगांनी हात झटकला, कावळा उडाला, आणि शेजारी हातात टॉवेल घेऊन उभी असलेली त्यांची बायको, माझी बहीण ताईबाई, पांढरीफटक पडली.

कावळा डोक्यावर बसला की माणसाचं काही खरं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. त्याला उतारा एकच. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी नात्यात धाडायची. नातलग खरोखर रडले पाहिजेत. रडले की यमाच्या दप्तरात तो माणूस मेल्याची नोंद होते आणि यम पुढच्या घरी जातो. यमाचं कामकाज आपल्याच तहसील कचेरीसारखं चालतं, अशी आमच्या वाडवडिलांची पक्की खात्री होती. पूर्वी यासाठी कोपरा फाडलेलं, म्हणजे मरणाचं, एक पोस्टकार्ड पेटीत टाकलं की भागायचं.

आता कार्डावर कुणी विश्वास ठेवत नाही. आता मंडळाची मेल लागते.

मंडळ म्हणजे आमच्या समाजाचं मंडळ. कचेरी जळगावला, शाखा धुळ्याला, माणसं सुरतेपासून दीपनगरपर्यंत पांगलेली. आधी मोबाइलवर सगळ्यांचा एक ग्रुप होता. त्यात कुणाच्या आजोबांच्या निधनाखाली कुणी केकचा फोटो टाकला, साखरपुड्याखाली कुणी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, शेवटी दोन गावांत हाणामारी झाली आणि ग्रुप बंद पडला. मग मंडळाचे चिटणीस योगराज सर, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी मंडळाच्या नावाचं डोमेन घेतलं. डोमेन म्हणजे इंटरनेटवरची आपल्या घराची पाटी, एवढं मला समजलं. त्या पाटीच्या नावानं मेल जायची. प्रत्येक गावात एक प्रतिनिधी. त्याला मेल आली की त्यानं मारुतीच्या पारावरच्या फळ्यावर खडूनं लिहायचं: अमुक वारले, अंत्यविधी इतक्या वाजता. फळा वाचून लोक गाडी ठरवायचे. हे इतकं अंगवळणी पडलं की शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज आला तरी माणसं आधी विचारू लागली, मंडळाची मेल आली का.

धनसिंगांविषयी सांगायला हवं. ते धुळ्याला देवपुरात राहायचे. शेती होती, पण ती जोडधंदा. मुख्य काम मयतीला जाणं. चाळीस वर्षांत त्यांनी जवळची, लांबची, वैऱ्याची, कुणाचीही मयत सोडली नाही. तिरडी त्यांच्यासारखी कुणी बांधत नसे. सुतळीची गाठ कुठे मारायची यावरून त्यांनी भर स्मशानात सख्ख्या व्याह्याचा अपमान केला होता. या सगळ्या चाकरीच्या बदल्यात त्यांची एकच अपेक्षा होती, आणि ती ते लग्नातसुद्धा बोलून दाखवत: "मना येळले देवपूरथिन पांझराना पूलपावत मानूस दिसाले पाहिजे." आपल्या वेळेला देवपुरापासून पांझरेच्या पुलापर्यंत माणूस दिसला पाहिजे. पोरांना नोकऱ्या लागाव्यात, कापसाला भाव मिळावा, असलं काही त्यांनी देवाकडे कधी मागितलं नाही. गर्दी मागितली.

तर लग्नानंतर आठवडा उलटला नाही तोच सकाळी माझी सून सुलक्षणा हातात मोबाइल घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. ती जळगावात घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते. "नाना, बसून घ्या," म्हणाली. मेल मंडळाच्या नावानं आली होती. 'धुळे येथील ज्येष्ठ समाजसेवक धनसिंग उखा पाटील यांचे अल्पशा आजाराने निधन.' मला अक्षरं चाळिशी उलटल्यावर आली, दीपनगरच्या कॉलनीतल्या संध्याकाळच्या वर्गात, म्हणून लिहिलेलं मी हळू वाचतो. तेवढं हळू मी दुसरं काही वाचलेलं नाही. ताईबाईला फोन केला, ती उचलेना. पारोळ्यापर्यंत मी गाडीत रडत होतो.

देवपुरात पोहोचलो तर गल्लीत गाड्या लावायला जागा नाही. जामनेरची माणसं, सुरतेची माणसं, पांढऱ्या टोप्यांचा बाजार. आणि ओट्यावर खुर्ची टाकून, धुतलेलं धोतर नेसून, मयत स्वतः बसलेले. येईल त्याला "या, बसा" म्हणत होते. बायका गल्लीच्या तोंडापासून गळा काढत यायच्या आणि ओट्यापाशी येऊन गळा तसाच उघडा राहायचा. आतून चहा येत होता. मयतीच्या घरी पाणीसुद्धा घेत नाहीत, पण मयतानंच आग्रह केल्यावर काय करायचं याचा नियम कुणाला ठाऊक नव्हता. बहुतेकांनी घेतला.

मी आत गेलो. ताईबाई चुलीपाशी बसली होती, तोंडावर ना लाज ना दुःख.

"त्यास्ना डोकावर कावळा बठना भाऊ, तू बी देखना," ती म्हणाली. "तू रडना ना? मंग झाये."

फोन तिनं मुद्दामच उचलला नव्हता. सख्ख्या भावाचं रडणं खोटं निघालं तर उतारा लागत नाही. मेल पाठवली होती धनसिंगांचा पुतण्या हेमराज यानं. हा ट्रॅक्टरच्या दुकानात बिलं करतो. त्यानं कुणाचा पासवर्ड चोरला नाही, कुठलं कुलूप फोडलं नाही. इंटरनेटवर एक जागा असते म्हणे, तिथे 'कोणाच्या नावानं पाठवू' असं विचारतात आणि तुम्ही सांगाल ते नाव घालून पाठवून देतात. त्यानं मंडळाचं नाव सांगितलं. बस. मंडळाची ती एवढी गाजलेली पाटी रस्त्यावरचा कुणीही स्वतःच्या दारावर लावू शकत होता.

धनसिंगांना हे आधी माहीत नव्हतं. सकाळी कळल्यावर ते घटकाभर रागावले आणि पहिली जीप येताच राग विसरले. संध्याकाळी माणसं पांगल्यावर मला ओट्यावर बसवून हलक्या आवाजात म्हणाले, "नाना, कोन उना, कोन नही उना, बठ्ठं ध्यानमा शे माले." कोण आलं, कोण नाही, सगळं त्यांच्या ध्यानात होतं. आणि मग न आलेल्यांची नावं गावावार सांगितली. माणूस पुलापर्यंत पोहोचला नव्हता, चौकापर्यंतच होता, याची थोडी चुटपुट होती. पण हे तर खोट्याला आले, खऱ्याला पूल नक्की, असा हिशेब त्यांनी केला. मी माझ्या आयुष्यात इतका समाधानी मृत माणूस पाहिलेला नाही.

इकडे जळगावात योगराज सर पेटले. मंडळाच्या नावानं खोटी मेल गेली होती. खरं काय झालं ते त्यांना त्याच दुपारी कळलं, अख्ख्या समाजाला कळलं होतं. पण सरांनी अडचण सांगितली की इतिवृत्तात कावळा लिहिता येत नाही. मग 'अज्ञात समाजकंटकांकडून मंडळावर सायबर हल्ला' असं लिहिलं. एकदा हल्ला लिहिल्यावर तो परतवणंही आलं. सरांनी सुलक्षणाला बोलावलं. म्हातारा सोबतीला म्हणून मीही गेलो.

सुलक्षणानं नीट समजावलं. तीन गोष्टी करायच्या. त्यांची नावं एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. तिन्ही नावं खताच्या गोणीवर शोभली असती. पहिलीत जाहीर करायचं की आमच्या नावानं टपाल टाकायची मुभा अमुक अमुक सर्व्हरलाच आहे. दुसरीत आपल्या प्रत्येक मेलवर एक शिक्का उमटवायचा, जो दुसऱ्याला मारता येत नाही. तिसरी म्हणजे जगाला दिलेला हुकूम: आमच्या नावानं अशी मेल आली, जी मुभा असलेल्याकडून नाही आणि जिच्यावर शिक्काही नाही, तर तिचं काय करायचं. त्यात पुन्हा तीन पायऱ्या. काही करू नका, फक्त आम्हाला कळवा. किंवा बाजूच्या कचऱ्यात टाका. किंवा दारातूनच परत पाठवा.

"आधी काही आठवडे 'फक्त कळवा' वर ठेवू, सर," ती म्हणाली. "आपल्या नावानं कुठून कुठून मेल जाते त्याचे अहवाल येतील. आपलंच कुणी बाहेर राहिलेलं असलं तर दिसेल. मग दार लावू."

सर हसले. मुख्याध्यापक हसतो तसं हसले, म्हणजे वर्ग गप्प होतो.

"सूनबाई, चोराला आधी महिनाभर पाहायचं आणि मग दार लावायचं?"

तिनं विचारलं, मंडळाची मेल या कचेरीशिवाय आणखी कुठून जाते का. सर म्हणाले, मंडळाची मेल मंडळातून जाते, आणखी कुठून जाणार. वास्तविक धुळे शाखेचे निरोप सुकदेवच्या छापखान्यातून जात. तो पत्रिका छापतो, त्याच्याच कॉम्प्युटरवरून, त्याच्याच दुकानाच्या सर्व्हरवरून मंडळाच्या नावानं पश्चिम भागातल्या बातम्यांची मेल गावोगाव सोडतो. या शाखेची फीत योगराज सरांनीच कापली होती. पण फीत कापताना ते कॅमेऱ्याकडे बघत होते, आत कॉम्प्युटर आहे हे त्यांच्या नजरेत आलं नसावं. सुलक्षणाला हे ठाऊक नव्हतं, मला तर नव्हतंच.

जाताना तिनं 'फक्त कळवा' वर ठेवलं, आणि पुढे कधी दार लावायचं झालं तर कोणता शब्द बदलायचा तेही दाखवलं. हे दाखवायला नको होतं असं ती नंतर म्हणाली. पण सरांनी विचारल्यावर न दाखवणं आमच्या घरच्या सुनेला शोभलं नसतं. अहवाल यायला लागले. ते मंडळाच्या पत्त्यावर यायचे, आणि सर त्यांना इंग्रजी जाहिराती समजून न उघडता ठेवायचे.

फेब्रुवारीअखेर वार्षिक सभा होती. सभेच्या आदल्या संध्याकाळी सरांनी स्वतः तो शब्द बदलला. 'परत पाठवा' झालं. दुसऱ्या दिवशी सभेत कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला, पाणी कीबोर्डवर सांडू नये म्हणून दोघांनी टॉवेल धरला. मग सरांनी ठराव वाचला. यापुढे मंडळाच्या नावानं एकही खोटी मेल कुणाच्या दारात उभी राहणार नाही. आणि त्यावर कळस म्हणून, ठरावात नसलेलं एक वाक्य सभागृहाकडे बोट करून म्हणाले:

"मंडळाची मेल आली नाही, तर माणूस मेला नाही, असं समजा."

टाळ्या पडल्या. धनसिंग पहिल्या रांगेत होते. त्यांच्याकडे बघून कुणीतरी "कावळ्याचं आता कसं होईल?" म्हणालं आणि सभा पोट धरून हसली. धनसिंगही हसले. त्यांना बरंच वाटलं असणार, एवढे सगळे आपल्याला ओळखतात म्हणून.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते सकाळी गोठ्यात गेले, म्हशीला ढेप टाकली, आणि तिथेच बसले ते उठले नाहीत. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

ताईबाईनं या वेळी पहिला फोन मला केला. त्यावरूनच मला कळलं की कावळा नाही. मी आणि सुलक्षणा निघालो. तिकडे हेमराज धावत सुकदेवकडे गेला. सुकदेवनं छापखाना उघडून ताबडतोब मेल सोडली, नेहमीसारखी, मंडळाच्या नावानं. आणि मिनिटभरात त्याच्या डब्यात इंग्रजी मेलींचा ढीग पडला. गावागणिक एक. सुकदेवला पत्रिकेपुरतं इंग्रजी येतं. त्याला वाटलं, नवीन व्यवस्थेत पोच मिळते. किती चांगली सोय केली सरांनी, असं तो हेमराजला म्हणाला, आणि हेमराजनं घरी येऊन ताईबाईला सांगितलं की काकू, सगळीकडे पोचली, पावत्या आल्या.

म्हणून थांबले. दुपारी अंत्यविधी ठरवला होता, तो तासभर पुढे ढकलला. लांबची माणसं यायची होती. गल्लीच्या दोन्ही तोंडांना पोरं उभी केली, गाड्या कुठे लावायच्या ते दाखवायला. अंगणात सतरंज्या पसरल्या. सतरंज्यांवर आम्ही जवळचे, घरातले, आणि शेजारी. मी अधूनमधून रस्त्याकडे बघत होतो. एक जीप आली, ती पुढच्या गल्लीत गॅस सिलिंडर द्यायला निघाली होती.

मग मीच फोन लावले. जामनेरच्या प्रतिनिधीला म्हटलं, धनसिंगराव गेले. तो म्हणाला, "नाना, मेल नही उनी." मी म्हटलं, मी इथे त्यांच्या उशाशी बसलोय. तो हसला नाही, भला माणूस आहे. फक्त म्हणाला की मागच्या वेळी ताईबाई फोन उचलत नव्हत्या, तुम्ही पण रडत गेला होता, आता फळ्यावर काय लिहू. चोपड्याच्यानं विचारलं, या खेपेला कावळा कुठे बसला. तिसऱ्याला मी फोन केला नाही.

शेवटी योगराज सरांना लावला, त्यांनी उचलला. त्यांनी कचेरीत पाहिलं आणि सांगितलं की अशी कोणतीही मेल मंडळातून गेलेली नाही. यंत्रणा चोख चालली आहे.

तिरडी बांधायला कुणाला नीट येत नव्हतं. ज्याला येत होतं तो तीवर निजायचा होता. सुतळीची गाठ मी मारली, आणि ती चुकीच्या जागी मारली असणार याची मला खात्री आहे. खांदा बदलायला माणूस नसल्यानं गल्लीतला भाजीवाला आणि सिलिंडरच्या जीपचा ड्रायव्हर असे दोघे पुढे झाले. आम्ही पांझरेचा पूल ओलांडला तेव्हा पुलावर नेहमीची रहदारी होती. एका मोटारसायकलवाल्यानं थांबून हात जोडले. तेवढाच पूल.

सुलक्षणा घरीच बायकांत होती. निघताना हेमराजनं पावत्यांचं सांगितल्यावर तिला शंका आली, ती छापखान्यात गेली आणि तिनं पावत्या उघडून वाचल्या. प्रत्येकीत तेच लिहिलेलं होतं: पाठवणाऱ्याच्या धोरणानुसार ही मेल नाकारली आहे. पाठवणारा म्हणजे आपण. आपणच आपल्याला दारातून परत पाठवलं होतं. तिनं सरांकडून पासवर्ड घेतला, सुकदेवचा सर्व्हर मुभेत घातला, त्याच्या मेलीवर शिक्का बसवला, आणि निरोप पुन्हा सोडला. या वेळी एकही पावती आली नाही. तोवर आम्ही स्मशानातून परत येऊन दारात कडुलिंबाचा पाला चावत होतो.

गंधमुक्तीला, म्हणजे उत्तरकार्याला, माणूस मावला नाही. चौक, रस्ता, पुढचं मैदान. जो तो ताईबाईसमोर येऊन सांगत होता की मेल उशिरा आली. योगराज सर शोकसभेत बोलले. मंडळाच्या नावानं आता पाखरूसुद्धा खोटं बोलू शकत नाही, याचा त्यांनी ओझरता उल्लेख केला. पाखरू हा शब्द त्यांनी का निवडला ते मला विचारू नका.

सर खाली बसल्यावर ताईबाई उठली. बायका अशा सभेत बोलत नाहीत. तिनं सरांकडे पाहिलंही नाही, समोरच्या गर्दीकडे पाहिलं.

"मनी खोटी बातमी बठ्ठास्कडे पोचनी," ती म्हणाली. "खरी नही पोचनी. आते उनात, जेवी जा."

माझी खोटी बातमी सगळ्यांकडे पोचली, खरी नाही पोचली. आता आलात, जेवून जा. आणि लोक जेवले. चांगले जेवले, वरण-बट्टी होती.

मंडळाच्या दप्तरात आज धनसिंगांच्या निधनाच्या दोन मेल आहेत. डिसेंबरची खोटी, ती गावोगाव पोहोचलेली आहे. मार्चची खरी, तिच्यावर अंत्यविधी होऊन गेल्यानंतरची वेळ आहे. खोटी काढून टाका असं मी सरांना म्हटलं. ते म्हणाले, ती तांत्रिकदृष्ट्या मंडळाची नाहीच, मग मंडळ ती मागे कशी घेणार. त्यामुळे सुरतेकडची काही माणसं अजून डिसेंबरच धरून चालतात. वर्षश्राद्धाची तारीख त्यांनी तीच लावली होती.

म्हणून मी लिहून ठेवतो. धनसिंग उखा पाटील, राहणार देवपूर, धुळे, हे मंगळवार, दिनांक ४ मार्च २०२५ रोजी सकाळी आपल्या गोठ्यात वारले.